लिव्हरमधल्या आत्या

१२ फेब्रुवारी

प्रिय रुसूबाई,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, टपालखर्च तुझा.

माझं अक्षर बघून भुवया चढवू नकोस. आपला इतक्या वर्षांचा अबोला आहे, मान्य. पण अबोला म्हणजे बोलायचं नाही. लिहायचं नाही असं कुठे ठरलं होतं? फोनवरचा मेसेज बोलण्यात धरायचा की लिहिण्यात, यावर तू नक्की वाद घालशील, म्हणून सरळ कागदच घेतला. वाचायचा नसेल तर घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकव. तुझ्याकडे एक तरी टेबल डुगडुगत असणारच.

तुझ्या नवऱ्याने मला सगळं कळवलंय. त्याच्यावर डाफरू नकोस. इलेक्ट्रिशियन माणूस तो, कुठे तार सैल झाली की त्याला चैन पडत नाही. पाचवा महिना लागलाय, हिमोग्लोबिन तळाला गेलंय, लोहाच्या गोळ्या पोटात ठरत नाहीत, आणि डॉक्टरांनी शिरेतून लोह देऊ म्हटलं तर तू हाताची घडी घालून बसलीयस. तलावाच्या पायऱ्या चढताना मधेच टेकतेस म्हणे. शिट्टी फुंकायला दम पुरत नाही म्हणून पोरांना पोहायला शिकवताना टाळ्या वाजवतेस. हे वाचलं आणि माझा घास तोंडातच राहिला. तुझ्या शिट्टीने तलावातली पोरंच काय, बाहेरच्या रस्त्यावरचे सायकलवालेही ब्रेक दाबायचे.

पाचवा महिना, आणि मला तो तिसऱ्या माणसाकडून कळतो. आधी राग आला. मग आनंद झाला. मग पुन्हा राग आला. शेवटी आनंदच उरला, कारण मी मावशी होणार आहे आणि हे पद माझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही, तुलाही नाही.

तर मुद्दा असा. तुझ्या शेजारीणबाई म्हणाल्या की सुईतून दिलेलं लोखंड लिव्हरमध्ये जाऊन बसतं आणि जन्मभर तिथेच गंजत पडतं, आणि तू ते खरं मानलंस. अगं बये, लिव्हर हा माझा धंदा आहे. इतकी वर्षं मी लिव्हरचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर रंगवतेय. बाहेरच्या बाईला विचारलंस, घरच्या बाईला विचारायला काय झालं? हो, अबोला. विसरलेच.

काय विचारायचं ते लिहून विचार.

तुझी (नाइलाजाने) ताई

ता. क. आत्याची खुर्ची निळीच आहे आणि निळीच राहणार.


२७ फेब्रुवारी

प्रिय रुसूबाई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठ्ठी. वर 'अबोला चालू आहे' आणि खाली एकच ओळ: 'मग सांग, बसतं की नाही?' एवढ्यासाठी पाकीट कशाला वाया घालवलंस? तरी मी ती उशीखाली ठेवली आहे.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. लिव्हरमध्ये रक्ताच्या बारीक बारीक गल्ल्या असतात. त्या गल्ल्यांच्या भिंतीला टेकून काही पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यांचं भारदस्त नाव कुप्फर पेशी. शरीराच्या राखणदारांतल्याच त्या, पण हिंडत नाहीत, जागा सोडत नाहीत. समोरून काय काय वाहत जातं ते बघायचं आणि परकं दिसलं की ओढून आत घ्यायचं, एवढंच काम. मी त्यांना पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हाच म्हटलं, अरे, ही तर आपली आत्या.

आठवतेय ना, पॅसेजमध्ये ती वेताची खुर्ची टाकून बसलेली? तिच्यासमोरून गेल्याशिवाय ना स्वयंपाकघर गाठता येई, ना बाहेरचं दार. बाबासुद्धा पिशवी घेऊन आले की स्वतःच्या सख्ख्या बहिणीपुढे चोरासारखे उभे. 'काय आणलंस? दाखव.' मग ती पुडा मांडीवर घेई, गाठ नखाने सोडवी, दोरा गुंडाळून एकीकडे, कागद सरळ करून दुसरीकडे. फाटक्या शर्टाची बटणं कापून तिच्या त्या पत्र्याच्या डब्यात. आपण चिडवायचो, पण शाळेला निघताना बटण तुटलं की धावायचो कुणाकडे?

लिव्हरमधल्या आत्या अगदी हेच करतात. सुईतून जातो तो लोखंडाचा कण उघडावाघडा नसतो, त्याच्यावर साखरेच्या जातीचं एक आवरण असतं. आत्या तो कण गिळते, पोटातल्या एका पिशवीत टाकते, तिथल्या आंबट रसात आवरण सुटतं, मग आतलं लोखंड विरघळतं. ते ती फेरिटिन नावाच्या डबीत ठेवते. मोकळं लोखंड पसरून ठेवलं तर घात करतं, म्हणून डबी. आणि शरीराला नवं रक्त करायचं असलं की थोडं थोडं दाराबाहेर देते. दाराशी हमाल उभेच असतात, ते हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचवतात. रक्त तिथे तयार होतं.

हे झालं पुस्तकातलं. 'डबीतून खरंच बाहेर येतं का, की येतं म्हणायचं फक्त,' असा तुझा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. योग असा की आमच्या लॅबमध्ये सध्या हाच उद्योग चालू आहे. एक तरुण संशोधक आहे, हनुवटीवर चार केस, म्हणून त्याला आम्ही दाढी म्हणतो. त्याने उंदरांना असे कण टोचले आहेत, तुझ्या औषधाची चुलत भावंडं म्हण. टोचल्यावर लगेच काढलेल्या लिव्हरचे काप मी रंगवले. एक पिवळ्या मिठाचं पाणी आणि अ‍ॅसिड मिसळायचं, त्यात काप बुडवायचा. जिथे लोखंड असेल तिथे निळं उमटतं. काय दिसलं सांगू? गल्लोगल्ली निळ्या आत्या. बाकी सगळं फिकट गुलाबी आणि मधे मधे ठसठशीत निळ्या बायका बसलेल्या. इतकं सुंदर होतं की मी दाढीला खुर्चीवरून उठवून पुन्हा बघत बसले.

बऱ्याच आठवड्यांनंतरचे काप पुढच्या महिन्यात माझ्याकडे येतील. निळं उतरलं तर लोखंड बाहेर पडलं. तसंच राहिलं तर तुझ्या शेजारीणबाईंपुढे मी कान पकडीन. पण मी काही डॉक्टर नाही, आणि तू उंदीर नाहीस. उंदरांसाठी थांबू नकोस, तुझ्या डॉक्टरांना हेच सगळं विचार आणि त्यांचं ऐक.

ताई

ता. क. पोटात कोण आहे त्याला माझं नाव सांगून ठेव.


१६ मार्च

प्रिय रुसूबाई,

'अबोला चालू आहे. डॉक्टरांना विचारलं, ते घ्या म्हणतात. तू डोळ्यांनी बघून सांगितल्याशिवाय मी सुई लावून घेणार नाही.' वाचलं. हट्टीपणाचं बक्षीस असतं तर घरात ठेवायला जागा पुरली नसती.

इकडे सगळं ठीक. हवा बरी आहे. पाणी वेळेवर येतं. जिन्याला नवा कठडा बसवला, हिरवा रंग आहे, मला आवडला नाही. काप आलेत, काम चालू आहे, घाई कशाला.

परवा आई-बाबांचे अबोले आठवून एकटीच हसत होते. दोघं एकाच टेबलाशी, आणि मधे मी. 'बाबांना सांग, ताट वाढलंय.' 'तिला सांग, दिसतंय मला.' मी पोस्टमनसारखी इमानाने निरोप पोचवायचे आणि अबोला आठवडाभर चालायचा. मग तू बोलायला लागलीस आणि ते काम तुझ्याकडे गेलं. बाबांनी 'तिला सांग, भाजीत मीठ नाही' म्हणावं आणि तू आईला जाऊन सांगावंस, 'बाबा म्हणतात भाजी मस्त झालीय, अजून वाढ.' आई वाढायची आणि बाबा गपचूप खायचे. तू कामाला लागल्यापासून त्या घरात एकही अबोला संध्याकाळपर्यंत टिकला नाही. आणि आता स्वतःचा मात्र कसा टिकवलायस बघ. खुर्चीच्या रंगावरून.

आत्या गेल्यावर मी खुर्चीचा वेत बदलून घेतला, पाय घट्ट केले, मग रंग दिला. माझ्या आवडीचा दिला. तुझं म्हणणं आत्याची खुर्ची तशीच राहायला हवी होती. तशीच राहिली असती तर मोडून पडली असती. असो. आज तुझ्याशी भांडायला तितकासा जोर नाही.

जेवत जा. पायऱ्या सावकाश चढ.

ताई


२३ मार्च

अगं रुसूबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'अबोला चालू आहे. ताई, तू काहीतरी लपवतेयस. तू हवापाण्याबद्दल आजवर कधी लिहिलं नाहीस.' सापडले. तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, बोलून नाही आणि लिहूनही नाही.

हो, लपवत होते. मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी ते उशिराचे काप रंगवले होते आणि ते निळेच्या निळे निघाले होते. पहिल्यापेक्षा जास्तच. तुझ्या शेजारीणबाई डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. तुला 'घे' म्हणावं तर डोळ्यांनी बघितलेलं उलट, 'नको' म्हणावं तर तू पायऱ्यांवर बसलेली. म्हणून तो हिरवा कठडा.

दाढी चार दिवस बाहेरगावी होता. आला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग त्याने काचपट्टी सरकवली, आणखी सरकवली, आणि विचारलं, "ताई, इथे काप संपला ना?"

"संपला," मी म्हटलं.

"मग नुसती काच का निळी आहे?"

मी बघितलं. कोऱ्या काचेवर निळे ठिपके.

"काचेला कुणी लोखंड टोचलं होतं का?" दाढी म्हणाला.

मग आम्ही ज्या उंदरांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे काप बघितले. तेही निळे. बरं, निळं कुठे? पेशींच्या आत नाही. वर, बाजूला, वाटेल तिथे, शाई झटकल्यासारखं. आत्या कधी असा पसारा करते का? आत्याचं सगळं डब्यात. मला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, पण मी निळं बघितलं आणि तूच दिसायला लागलीस.

कारण सापडायला वेळ लागला नाही. त्या दिवशी प्लॅस्टिकचा चिमटा कट्कन मोडला, आणि मी खणातला जुना लोखंडी चिमटा उचलला. सांध्यात गंज भरलेला. तोच अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून काप हलवत राहिले. या पाण्यात लोखंडी वस्तू घालायची नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी पहिल्या वाक्यात शिकवते. म्हणजे मी चिमट्याचा गंज रंगवला आणि तुझ्या काळजीने आठवडाभर झोपले नाही. दाढी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मलाही हसू आवरेना. दोघांनी मिळून त्याचा डबा खाल्ला, मग माझा खाल्ला.

काल नवे काप काढले, प्लॅस्टिकचा नवा चिमटा, सगळी भांडी धुऊन.

उतरलंय गं. निळं उतरलंय. गल्ल्या त्याच, आत्या त्याच, पण बहुतेकींच्या पोटात आता फिकट निळी सावली तेवढी. दाढीकडे त्याच उंदरांच्या रक्ताचे आकडे आहेत. ज्या उंदरांचं रक्त कमी होतं त्यांचं चढलंय. लोखंड बसून राहिलं नाही, कामाला गेलं. काही जणींकडे अजून थोडं शिल्लक दिसतं, तेही सांगते, नाहीतर पुन्हा म्हणशील लपवलं. पण आत्यानेही काही बटणं कधीच कुणाला दिली नाहीत, आठव. शरीराला लागत नाही तोवर ती राखून ठेवते, आणि तुझ्या शरीराला तर आत्ता दोन जिवांसाठी लागतंय.

तू म्हणालीस डोळ्यांनी बघून सांग. बघितलं, सांगितलं. आता उठ आणि दवाखान्यात जा. मला तू हवी आहेस, धडधाकट, भांडायला येणारी. अबोला कितीही वर्षं चालव, पण चालवायला तू असायला हवीस ना?

ताई


१९ एप्रिल

प्रिय रुसूबाई,

'अबोला चालू आहे. उद्या जाते,' एवढं लिहून तू गडप झालीस ती झालीसच. तुझा नवरा कळवत होता. सलाईन लावताना तू म्हणे सिस्टरना विचारलंस, आता हे सगळं आत्याकडे जाणार ना? त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने मान डोलावली. भला माणूस आहे. मी उगाच त्याला इतकी वर्षं 'तुझा नवरा' म्हणत आले.

आणि मग आजची दुपार. मी काप वाळत घातले होते, फोन वाजला. तुझा नंबर. हातातली काचपट्ट्यांची पेटी खाली ठेवली, हात पुसले, उचलला. पलीकडे कुणी बोलेना. पाण्याचा आवाज, पोरांचा गलका. मीही बोलले नाही, आधी मी बोलले असते तर तू जन्मभर ऐकवलं असतंस.

मग शिट्टी. एवढी लांब, एवढी खणखणीत की मी फोन कानापासून लांब धरला, तरी दाढी पलीकडच्या खोलीतून धावत आला, त्याला वाटलं आग लागली. मग तू फोन ठेवून दिलास.

शिट्टी बोलण्यात धरायची का? मी दाढीला विचारलं. तो म्हणाला नियमात बसत नाही, पण निकाल म्हणून लिहून ठेवायला हरकत नाही. मी खूप रडले. आनंदानेच, आणि काप वाळेपर्यंतच, पण रडले. तुझ्या छातीत एवढा वारा परत आला, आणि तो तू पहिला माझ्या कानात फुंकलास.

ताई

ता. क. उजवा कान अजून बधिर आहे.


८ जुलै

प्रिय,

आज रुसूबाई लिहायला हात धजेना. काय झालं ते तुला माहीतच आहे, तूच केलंस, तरी माझ्याकडून कसं झालं ते लिहिते.

मुलगी झाली हे तुझ्या नवऱ्याने कळवलं होतं. माझं सगळ्या लॅबला सांगून झालं होतं, जिन्यात भेटलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. संध्याकाळी चहा उकळायला ठेवला तेव्हा तुझा फोन आला. शब्द नाही. नुसता कुणाचा तरी नाकातून बारीक सूं सूं श्वास. मग जी आरोळी ठोकली गं तिने. शिट्टीची गरजच पडणार नाही तिला.

मला कळलं, तू फोन तिच्या तोंडाशी धरलायस. म्हणजे तू बोलणार नाहीस. मग मीही तुझ्याशी का बोलू? मी तिच्याशी बोलले.

मी म्हटलं, "मावशी बोलतेय. रडून घे. आणि तुझ्या आईला विचार, रक्त किती आहे आता?"

मला वाटलं, आता फोन ठेवशील. मग तुझा आवाज आला. इतक्या वर्षांनी. जरा घोगरा झालाय.

"तुझ्या मावशीला सांग, चांगलं आहे. डॉक्टर खूश आहेत."

माझा चहा उतू जात होता, मी हलले नाही.

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं, "जेवतेस का वेळेवर? आणि निरोप जसाच्या तसा दे हं, तुझ्या आईसारखा बदलू नकोस."

तू हसलीस. मी ऐकलं, तू हसलीस. पोरगी तुझ्या हसण्याने दचकली आणि पुन्हा रडायला लागली. तिला थोपटत थोपटत तू म्हणालीस, "तुझ्या मावशीला सांग, आमच्या पॅसेजमध्ये जागा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या तपासायला कुणीतरी हवं. म्हणावं, ये. आणि ती खुर्ची घेऊन ये."

मी विचारलं, "तुझ्या आईला विचार, रंग काढून आणू का?"

थोपटणं थांबलं. मग तू तिला बाजूला ठेवलंस बहुतेक, कारण तुझा आवाज एकदम जवळ आला. मधे कुणीच नव्हतं.

"नको, ताई. निळीच असू दे."

आणि मग, बाई, मलाच बोलता येईना. अबोला तू मोडलास, आणि गप्प मी. तू 'हॅलो, हॅलो' करत राहिलीस, मी नुसती मान डोलावत होते, जशी काही तुला दिसणारच होती. शेवटी तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र.

हो, म्हणत होते मी. येते.

आत्याचा डबाही घेतलाय. मुलीच्या झबल्यांना बटणं लागतील. खुर्ची जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी ठेवली आहे.

ताई